नाव नकुसा, गाव जगभर



नावांवर लेख लिहायचा म्हटला की लिहिणारा साधारणपणे एखादे सुंदर नाव निवडतो. अश्विनी, वैदेही, मृण्मयी अशा नावांचे अर्थ सांगायला बरे वाटते आणि वाचायलाही बरे वाटते. मी मात्र आज जे नाव घेऊन बसले आहे ते बाजारात मिळणाऱ्या नावांच्या पुस्तकात सहसा नसते. ते शाळेच्या हजेरीत असते, रेशनकार्डावर असते, मतदारयादीत असते. ते नाव म्हणजे नकुसा. कुठे नकोशी, कुठे नकुशा, आणि बाई वयस्कर असली तर नकुसाबाई.

अर्थ सांगायची गरज नाही. 'नको' वरून 'नकोशी' आणि त्यावरून हे नाव. आपला 'नको' हा शब्द तसा मोठा फिरस्ता आहे. दख्खनी बोलणाऱ्यांनी त्याचा 'नक्को' केला आणि पार हैदराबादपर्यंत नेला. भाजीवाल्याला नको म्हणावे, दुसऱ्यांदा वाढायला आलेल्याला नको म्हणावे. पण नुकत्याच जन्मलेल्या मुलीला तोच शब्द हाक मारण्यासाठी द्यावा, हे कुणाला आणि का सुचले असेल?

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. मी तेव्हा नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. कोल्हापूरचे खासबाग म्हटले की कुस्त्यांचे मैदान आठवते, पण आपले खासबाग म्हणजे मागांची खटखट. जूनच्या पहिल्या आठवड्यात एक आई मुलीला पहिलीत घालायला आली. घरी माग, ती स्वतः कांड्या भरणारी. मी रजिस्टर उघडून विचारले, "मुलीचं नाव काय?" तिने आधी इकडेतिकडे पाहिले आणि मग खालच्या आवाजात म्हणाली, "नकुसा लिवा, बाई." तीन मुलींच्या पाठीवर झालेली ही चौथी.

मला राग आला. तरुण वय होते. "असलं नाव शाळेत चालत नाही," असे म्हणून मी माझ्याच मनाने एक छानसे नाव रजिस्टरात लिहून टाकले. आई काही बोलली नाही. शाळेतल्या बाई लिहितात म्हणजे बरोबरच असणार, असा तिचा विश्वास. त्या संध्याकाळी घरी जाताना आपण फार मोठे समाजकार्य केले असे मला वाटत होते.

दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना ते छानसे नाव मी तीन वेळा पुकारले. कोणी 'हजर' म्हणेना. मुलगी तर समोरच पहिल्या रांगेत बसलेली. शेवटी तिच्या शेजारची म्हणाली, "बाई, ती नकुसा हाय." तेवढे ऐकताच ती चटकन उठून उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "हजर!" वर्ग हसला, मीही हसले. त्यात हसण्यासारखे काही नव्हते, हे कळायला मला बरीच वर्षे लागली.

असो. आधी या नावाच्या जगभरच्या बहिणींची ओळख करून देते. कारण आपल्याला वाटते की हा आपल्याच खेड्यापाड्यांतला अडाणीपणा आहे. तसे नाही.

आपल्या शेजारच्याच भाषेपासून सुरुवात करू. कन्नडमध्ये 'साकु' म्हणजे पुरे. त्यावरून साकव्वा, साकम्मा. तमिळमध्ये 'वेण्डाम' म्हणजे नको आणि तमिळनाडूत मुलींचे तेच नाव ठेवलेले आढळते. म्हणजे ही नकुसाची सख्खी बहीणच. हरियाणात भतेरी, म्हणजे पुष्कळ झाल्या. राजस्थानात धापू, म्हणजे पोट भरले, आता पुरे. हिंदी मुलुखात कुठे कुठे अंतिमबाला. शेवटची मुलगी असा त्याचा साधा अर्थ, पण त्यात इच्छाही आली आणि हुकूमही आला.

देशाबाहेर गेलो तरी हेच. तुर्कस्तानात 'येतेर' हे मुलीचे नाव आहे. त्याचा अर्थ पुरे. 'दोंदू' म्हणजे वळली, आता नशीब मुलाकडे वळावे या आशेने ठेवलेले. 'सोनग्युल' म्हणजे शेवटचे गुलाब. ऐकायला गोड, पण भर 'शेवटचे' या शब्दावर. अझरबैजानमध्ये 'बॅस्ती' आहे. आपण जे 'बस्स' म्हणतो तोच हा फारसीतून आलेला शब्द. कझाकस्तानात 'उलबोल्सिन' हे चक्क मुलीचे नाव आहे आणि त्याचा अर्थ 'मुलगा होवो'. चीनमध्ये 'जाओदी' म्हणजे धाकट्या भावाला बोलावून आण, 'लायदी' म्हणजे भावा ये, 'पानदी' म्हणजे भावाची वाट पाहणारी. कोरियात 'मालजा' म्हणजे शेवटची. तिथल्या १९९२ साली सुरू झालेल्या एका गाजलेल्या दूरदर्शन मालिकेत नायिकेचे नावच 'हूनाम' होते, म्हणजे हिच्या मागून मुलगा. ग्रीसमध्ये 'स्तमाता' हे नाव थांबणे या क्रियापदाशी जोडले जाते. जपानमध्ये जुन्या काळी 'तोमे' म्हणजे थांब आणि 'सुए' म्हणजे शेवट अशी नावे असत. मात्र तिथे आता आणखी मूल नको, खाणारी तोंडे पुष्कळ झाली, हाही अर्थ असे.

मुलांनो, ही यादी पुन्हा एकदा वाचा. धर्म वेगळे, लिप्या वेगळ्या, जेवणखाण वेगळे. एकमेकांचे तोंडही न पाहिलेल्या या सगळ्या लोकांना चौथ्या मुलीच्या पाळण्यापाशी एकच शब्द सुचला. आपल्या भागात भाषेवरून इतकी वर्षे वाद चालले आहेत, पण 'नकुसा' आणि 'साकव्वा' या बाबतीत दोन्ही भाषांचे एकमत झाले. असे एकमत न झालेले बरे होते.

इथे कुणी म्हणेल, "बाई, वाईट नावे मुलांचीही असतात की! दगडू, धोंडू, केरबा, उकिरडा ही काय नावे आहेत?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे तिप्पण्णा हे नाव घरोघर आढळते. कन्नडमध्ये 'तिप्पे' म्हणजे उकिरडा. म्हणजे आपला उकिरडा आणि त्यांचा तिप्पण्णा एकाच कुळातले. ज्या घरात मुले जगत नसत तिथे नव्या बाळाला असे नाव देत. हे कचऱ्यासारखे आहे, याच्यावर कुणाची नजर पडू नये, काळानेही याला नको म्हणून सोडून द्यावे, अशी त्यामागची समजूत. अंधश्रद्धा खरी, पण मायेपोटीची. मूल हवे आहे म्हणून त्याला 'नको' असलेल्या वस्तूचे नाव.

नकुसाचे तसे नाही. तिथे आडपडदा नाही. दगडूचे नाव दगडू ठेवणारी आई त्याला जगवण्यासाठी देवाला फसवत होती. नकुसाचे नाव ठेवणारे घर देवाला खरे काय ते सांगत होते. फरक एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे.

आता ही समजूत टिकली कशी ते पाहू. त्या चौथ्या मुलीच्या पाठीवर पुढे मुलगा झाला. तिची आजी मला बाजारात भेटली तेव्हा आनंदाने म्हणाली, "बगा बाई, नाव लागू पडलं का न्हाई?" मी तेव्हा काही बोलले नाही. आज बोलेन. निसर्गात साधारण १०० मुलींमागे १०५ मुलगे जन्मतात. म्हणजे आधी कितीही मुली झालेल्या असोत, पुढच्या खेपेला मुलगा होण्याची शक्यता जवळजवळ निम्मी असतेच. शंभर घरांनी नकुसा नाव ठेवले तर त्यातल्या सुमारे पन्नास घरांत पुढचा मुलगाच होणार, आणि ती पन्नास घरे गावभर सांगणार की नाव लागू पडले. उरलेली पन्नास घरे गप्प बसणार. समजुती अशाच जगतात.

दुसरी गोष्ट आपण आठवी-दहावीच्या विज्ञानात शिकवतो आणि घरी विसरतो. आईकडून येते ते एक्स गुणसूत्र. बापाकडून एक्स आले तर मुलगी, वाय आले तर मुलगा. म्हणजे मुलगी झाली यात आईचा काही दोष असलाच तर तो बापापेक्षा कमीच म्हणायला हवा. खरे तर दोष हा शब्दच इथे लागू नाही. तरी बारशाच्या दिवशी मान खाली घालून बसते ती आई.

सातारा जिल्ह्याने या बाबतीत एक पाऊल उचलले होते. २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात २८५ नकुसांचा नामकरण सोहळा झाला. जिल्हा प्रशासनाने पुढाकार घेऊन अशा मुली शोधल्या, त्यांना नवे नाव निवडायला सांगितले आणि त्या नावाची प्रमाणपत्रे दिली. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली. त्या बातमीने जगभर लक्ष वेधले. मला त्यातली एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटली. नाव मुलींना विचारून बदलले. मी विचारले नव्हते.

त्याचा हिशोब मला पुढे मिळाला. ती मुलगी शिकली, मोठी झाली, लग्न झाले. एके दिवशी हातात कागदांची पिशवी घेऊन माझ्या घरी आली. शाळेच्या दाखल्यावर मी दिलेले नाव, रेशनकार्डावर नकुसा, सासरी ठेवलेले तिसरेच. बँकेत खाते उघडायला गेली तर ही तिन्ही माणसे एकच कशावरून, असा प्रश्न आला. प्रतिज्ञापत्र करा, वर्तमानपत्रात जाहिरात द्या, हेलपाटे घाला. मी ओशाळून म्हणाले, "मला वाटलं मी तुझं भलंच करतेय." ती शांतपणे म्हणाली, "बाई, आईनं एक नाव दिलं, तुम्ही एक दिलंत, सासूबाईंनी एक दिलं. मला कुणी इचारलंच न्हाई." चहा पिऊन ती गेली. ते वाक्य मात्र माझ्या घरातच राहिले.

म्हणून माझे पहिले मत असे की नकुसा नाव असलेल्या मुलीला ते बदलण्याची मोकळीक आणि मदत दोन्ही मिळाली पाहिजे, पण निर्णय तिचा हवा. एखाद्या आजीने साठ-सत्तर वर्षे त्याच नावाने संसार ओढला, पोरे मोठी केली, चार माणसांत मान मिळवला. तिला ते नाव आता स्वतःचे वाटत असेल तर आपण कोण तिला लाजवणार? तिला 'नकुसाआज्जी' म्हणून आदरानेच हाक मारावी. लाज वाटायचीच असेल तर नाव ठेवणाऱ्यांना वाटावी, नाव धारण करणारीला नव्हे.

माझे दुसरे मत थोडे कडू आहे. शिकलेली माणसे नकुसा हे नाव ऐकून नाक मुरडतात. आमच्यात असली नावे नसतात, म्हणतात. खरे आहे, नसतात. पण का नसतात? जनगणनेचे आकडे पाहा. सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलग्यांमागे महाराष्ट्रात १९९१ साली ९४६ मुली होत्या. २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४. संपूर्ण देशात याच काळात ९४५ वरून ९२७ आणि मग ९१९. निपाणी ओलांडले की लागतो तो कोल्हापूर जिल्हा. साखरेचा, दुधाचा, सहकाराचा, शिक्षणसंस्थांचा. तिथे २००१ साली हा आकडा ८३९ होता. या काळात साक्षरता वाढली, रस्ते आले, दवाखाने आले. आणि मुली कमी झाल्या.

महाराष्ट्राने लिंगनिदानाविरुद्ध कायदा १९८८ सालीच केला. देशाचा कायदा १९९४ चा, तो १९९६ पासून लागू झाला आणि २००३ मध्ये आणखी कडक झाला. दवाखान्याच्या भिंतीवर 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही पाटी आपण सगळेच वाचतो. ती पाटी लावावी लागते, यातच सगळे आले. ज्यांच्याकडे पैसा आणि ओळख होती त्यांना मुलीचे नाव नकुसा ठेवण्याची वेळच आली नाही. त्यांनी बारशापर्यंत गोष्ट जाऊच दिली नाही. कांड्या भरणाऱ्या त्या आईने निदान आपल्या चौथ्या मुलीला जन्म दिला, वाढवली आणि शाळेत आणून बसवली. नाव वाईट ठेवले, पण हात धरून आणले. या दोघांत जास्त अडाणी कोण, हे ज्याने त्याने ठरवावे.

मग यावर उपाय नाही का? आहे. कोरियाचे उदाहरण पाहा. तिथे १९९० साली १०० मुलींमागे ११६ हून अधिक मुलगे जन्मत होते. आपल्यासारखाच तिथेही गर्भाचे लिंग सांगण्यावर १९८७ पासून बंदी होती. पुढे मुली शिकल्या, नोकऱ्या करू लागल्या. कुटुंबाचा प्रमुख पुरुषच असे मानणारी कायद्यातली पद्धत न्यायालयाने २००५ मध्ये घटनाबाह्य ठरवली आणि २००८ पासून ती गेली. २००७ च्या सुमारास मुलग्यांचा आकडा १०६ वर, म्हणजे निसर्गाच्या जवळ आला. आणि २०२४ च्या फेब्रुवारीत तिथल्या घटना न्यायालयाने लिंग सांगण्यावरची ती बंदीच रद्द केली. आता मुलगाच हवा ही ओढ पूर्वीसारखी राहिली नाही, असे त्यामागचे एक कारण होते. एका पिढीत एवढे घडू शकते. मालजा नावाच्या आजीची नात आज कुणाच्या मागून येणारी नाही, ती स्वतःच आलेली आहे. तसा दिवस आपल्याकडे आला तर मलाही दवाखान्याची ती पाटी काढलेली पाहायला आवडेल. पण तो यायचा आहे, तोवर पाटी राहू दे.

आता पालकांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. पूर्वी शाळेत नाव घालताना मास्तर किंवा बाई लिहितील ते नाव कायमचे होई. तो काळ संपला. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्म-मृत्यू नोंदणीचा सुधारित कायदा लागू झाला आहे. त्या दिवसापासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पुढच्या कागदांपर्यंत जन्मदाखला हाच आधार. म्हणजे दाखल्यावर जे नाव पडेल तेच बाळाच्या मागे शाळेत येणार. जन्माची नोंद वेळेत करा. नाव ठरले नसेल तर नावाशिवायही नोंद होते. नाव नंतर घालता येते, बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून. तेव्हा रागाच्या भरात, निराशेच्या भरात किंवा कुणीतरी सांगितले म्हणून नाव घालू नका. थांबायला कायद्याची परवानगी आहे. ज्यांच्या मुलीचे नाव बदलायचे आहे त्यांनी दहावीची कागदपत्रे तयार होण्याआधी बदलावे. नंतर फार पायपीट होते, ती मी डोळ्यांनी पाहिली आहे.

आणि एक विनंती घरातल्या आत्याबाईंना. आपल्याकडे बारशाला बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगण्याचा मान आत्याचा. तुम्हीही कधीतरी कुणाच्या घरी मुलगी म्हणून आला होतात. तुमच्या तोंडून त्या बाळाच्या कानात जाणारा पहिला शब्द 'नको' असू नये, एवढे तुमच्या हातात आहे. बाकीचे बायाबापड्यांच्या हातात नसेल, पण हे नक्की आहे.

मुलांनो, तुमच्या वर्गात किंवा नात्यात कुणी नकुसा, अंतिमा असेल तर तिच्या नावावरून हसू नका. मी हसले होते, म्हणून सांगते. तिला विचारा, तुला काय म्हटलेले आवडेल? आणि मग तेच म्हणा.

शेवटी कन्नडमधली एक गंमत. 'साकु' म्हणजे पुरे, हे वर सांगितलेच. पण कन्नडमध्ये 'साकु' हे क्रियापदही आहे आणि त्याचा अर्थ पाळणे, सांभाळणे, वाढवणे असा होतो. म्हणजे साकव्वा हे एकच नाव दोन तऱ्हांनी वाचता येते. एक, ही आता पुरे. दुसरा, हिला आम्ही सांभाळले. नाव तेच, पाळण्याभोवती उभी असलेली माणसे कोणता अर्थ मनात धरतात एवढाच प्रश्न. मराठीतल्या नकुसाला असा दुसरा अर्थ नाही. म्हणून आपल्याला ते नाव पुसावेच लागेल, आधी घरातून आणि मग कागदावरून. मी ते उलट्या क्रमाने करायला गेले होते, म्हणून हजेरीत कोणी 'हजर' म्हणाले नाही.